दिव्याहून सुटणाऱ्या पॅसेंजरकडून तुम्हाला नेमकं काय हवं आहे?

रातांबा

मंडळी, यंदा गणपतीत आरती आटोपल्यावर आमच्या वाडीत बैठक बसली. विषय नेहमीचा, रेल्वे. दर वर्षी आम्ही निवेदन देतो. मागच्या निवेदनात तेवीस मागण्या होत्या. ते वाचून बाजूला ठेवलं गेलं असणार, आणि त्यात वाचणाऱ्याचा फारसा दोष नाही. तेवीस गोष्टी एका दमात मागितल्या की एकही धड ऐकू जात नाही. म्हणून यंदा ठरलं, एकच पान आणि तीनच मागण्या. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

मी वंदे भारत किंवा तेजसबद्दल विचारत नाहीये. त्या गाड्या आपल्या जागी चांगल्या आहेत. मी विचारतोय ती दिवा-रत्नागिरी आणि दिवा-सावंतवाडी पॅसेंजरबद्दल. विन्हेरे, दिवाणखवटी, अंजनी, कामथे, उक्षी, भोके इथल्या माणसाला जी आपली वाटते ती गाडी.

माझी मागणी आधी सांगतो. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची, कोविडनंतर ती दिव्याहून, म्हणजे ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनातून, सुटू लागली. नकाशावर ही तफावत बोटभर दिसते. पण बोरिवली-विरारकडचा माणूस दादरला एक पूल ओलांडून थेट गाडीत बसायचा. आता त्याने आधी दादरला यायचं, मग मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये बोचकी घेऊन घुसायचं आणि दिव्याला उतरायचं. येताना तेच उलटं, शिवाय सोबत तांदळाची गोण आणि फणस. माझ्या आईचं वय एकाहत्तर. तिने दोन वर्षांत गावाला जाणं निम्म्यावर आणलंय, कारण विचारलं तर म्हणते, "गाडीत बसायला काही वाटत नाही रे, गाडीपर्यंत पोचायचं जिवावर येतं."

तर माझी मागणी, गाडी पुन्हा दादरहून सुटावी. तुम्हाला एकच गोष्ट मागता आली तर काय मागाल? एकच सांगा आणि का तेही सांगा.

सड्यावरचा

खिडकी. पनवेलपासून थेट घरापर्यंत. बाकी देवाक काळजी.

पाचव्या_डब्यातली

पाणी. पिण्याचं नव्हे, शौचालयातलं.

मी परिचारिका आहे, महिन्यातून दोनदा तरी अनारक्षित डब्याने जाते. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण हे एका गाडीचं दुखणं नाही. सुटताना टाकी भरलेली असते. डब्यात जागा असते त्याच्या दुप्पट माणसं चढतात आणि अर्ध्या वाटेत नळ कोरडा पडतो. पुढचे चार-पाच तास बायका काय करतात माहीत आहे? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. माझ्या शेजारी एकदा सात महिन्यांची गरोदर मुलगी होती. पाण्याची बाटली मांडीवर आणि ओठ सुकलेले. मी तिला बळेच चार घोट पाजले आणि मग दोघींनी मिळून पुढचं स्टेशन कधी येतं याची वाट पाहिली.

लघवीच्या संसर्गाच्या किती बायका सुट्टीवरून परतल्यावर दवाखान्यात येतात, ते मी रोज बघते. दिव्याला टाकी भरतात तशी मधल्या एखाद्या मोठ्या स्टेशनवर पुन्हा भरा, म्हणजे झालं. गाडी तिथे क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, थांबतेच की. त्यासाठी नवा डबा नको की नवं इंजिन नको.

सरळ_बोलतो

कुणाला आवडणार नाही, पण लिहितो. या गाडीचा मूळ रोग थांबे हाच आहे. दर दहा-बारा किलोमीटरवर थांबायचं तर प्रवासाचा दिवस जाणारच. निम्मे थांबे काढा, गाडी तीन तास आधी पोचवा. तरुण माणूस वेळ वाचतो म्हणून खासगी बसचे दुप्पट पैसे मोजतो. गाडी जलद झाली तर तोच माणूस परत येईल. मला एकच मागणी मिळाली तर मी वेग मागेन.

सड्यावरचा

@सरळ_बोलतो, निम्मे काढायचे तर कुठले? यादी द्या. पहिलं नाव तुमच्या गावाचं लिहा.

सरळ_बोलतो

माझं गाव चिपळूण. ते कोण काढणार?

लूपलाईन

वडील स्टेशन मास्तर होते, माझं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. थांब्यांवर वेळ जातो हा समज आधी दूर करतो.

एका थांब्याला गाडी हळू करणं, एक-दोन मिनिटं थांबणं, पुन्हा वेग घेणं, सगळं धरून पाच-सहा मिनिटं जातात. पण तुम्ही ज्याला 'गाडी उगाच उभी आहे' म्हणता ते अर्धा-पाऊण तास वेगळे असतात. ते क्रॉसिंगचे. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरच्या आसपासचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यापुढे दक्षिणेकडे एकच रूळ. दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी येत असेल तर दोघींपैकी एकीने स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, उभं राहायचं. ती कोण, हे ठरतं अग्रक्रमावरून. प्रवासी गाड्यांच्या उतरंडीत पॅसेंजर सर्वांत खाली.

आता गंमत बघा. केरळहून येणारी एखादी लांब पल्ल्याची गाडी चाळीस मिनिटं उशिरा धावत असेल, तर ठरलेलं क्रॉसिंग मोडतं. मग कंट्रोलला, म्हणजे गाड्या कुठे थांबवायच्या ते ठरवणाऱ्या कार्यालयाला, वाटतं, पॅसेंजरला पुढच्या स्टेशनापर्यंत सोडलं आणि ती तिकडे वेळेत पोचली नाही, तर मोठी गाडी आणखी अडकेल. म्हणून पॅसेंजर आधीच्याच स्टेशनात धरून ठेवतात. तिच्या मागून आणखी एक जलद गाडी येत असेल तर तिलाही पुढे काढून देतात. वडील रात्री घरी यायचे आणि जेवताना सांगायचे, आज पॅसेंजरवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांना त्या लोकांचं वाईट वाटायचं, पण सिग्नल देणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं.

म्हणून सरळराव, सगळे छोटे थांबे काढलेत तरी क्रॉसिंगचा वेळ तसाच राहील. गाडी अंजनीला न थांबता पुढे जाईल आणि चिपळूणला उभी राहील.

सरळ_बोलतो

हे मला माहीत नव्हतं. मग सरळ दुहेरीकरण मागा.

लूपलाईन

मागायला हरकत नाही, पण काय मागतोय ते ओळखून मागा. या मार्गावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. पानवलचा पूल दरीपासून ६४ मीटर उंच. हे सगळं दुसऱ्या रुळासाठी पुन्हा खोदायचं आणि बांधायचं. वीरपर्यंतचा भाग त्या मानाने सपाट, म्हणून तो आधी झाला. मधल्या काळात जे जमण्यासारखं होतं ते केलं, मधेमधे नवी क्रॉसिंग स्टेशनं काढली. इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामने, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे ही त्यातली. दोन स्टेशनांमधलं अंतर कमी झालं की वाट बघण्याची वेळही घटते.

मालवणची_आये

नातवाक सांगान लिवतय.

माका तुमच्या दादराचा नि दिव्याचा काय्येक नको. माका पायरी होयी. आमच्या हॉल्टार फलाट जमिनीबरोबर नि डब्याची पायरी माज्या कमरेक लागता. गाडी थांबता दोन मिनटा. पयल्या मिनटात पिशये चडवायचे नि दुसऱ्या मिनटात मानूस. गेल्या मे म्हयन्यात झील संगती नाय हुतो. डब्यातल्या एका चेडवान हात दिल्यान म्हणान चडलय, नायतर गाडी गेल्लीच हुती. त्या चेडवाचा भला होवंदे. पण दर खेपेक चेडू खय मेळतला?

एसी नको, टीवी नको. फलाट उचला.

पाचव्या_डब्यातली

आये, तुमचं वाचून माझी मागणी मागे घ्यावीशी वाटली.

मालवणची_आये

घेव नको गो बाय. पानी पन होयाच.

झुरिकचा_चाकरमानी

गाव वैभववाडी तालुक्यात, नोकरी झुरिकला. इथलं एक उदाहरण सांगतो, तुलना म्हणून नव्हे. लूपलाईन यांच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे.

स्वित्झर्लंडच्या पूर्वेला रेटिशे बान नावाची डोंगरातली रेल्वे आहे. अरुंद मापाची, बोगदे-पूल-वळणं भरपूर आणि बहुतेक मार्ग एकेरी. म्हणजे आपल्यासारखंच. तरी तिच्या मुख्य मार्गांवर तासाला एक गाडी दोन्ही दिशांना धावते. हे जमतं कसं? १९८२ पासून या देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आहे. गाडी दर तासाला त्याच मिनिटाला येते. त्यामुळे समोरून येणारी गाडी नेहमी त्याच स्टेशनात भेटते. क्रॉसिंग आधीपासून वेळापत्रकात बसवलेलं असतं. जिथे भेट ठरलेली तिथेच लूप बांधतात, बाकी ठिकाणी पैसा घालत नाहीत.

मला सर्वांत आवडतं ते असं की ते आधी वेळापत्रक काढतात आणि मग त्याला लागेल तेवढाच रूळ बांधतात. गाडी फार पळवायचा हट्ट नाही. पुढची जोडगाडी मिळेल इतकी वेगात असली म्हणजे झालं. त्यामुळे सत्तर वर्षांच्या आजी तीनदा गाडी बदलून डोंगरातल्या खेड्यात एकट्या जातात, कारण प्रत्येक ठिकाणी पुढची गाडी समोर उभी असते.

माझी एक मागणी: वेग नको, भरवसा द्या. दहा तास लागणार असतील तर दहाच लागू देत, पण रोज दहा.

लूपलाईन

छान लिहिलंत. पण तिथे जवळपास सगळ्या गाड्या त्यांच्याच, त्यांच्याच प्रदेशात सुटतात आणि संपतात. आपल्या रुळावर दिल्ली, गुजरात, केरळहून हजार-दोन हजार किलोमीटर धावून येणाऱ्या गाड्या आहेत. त्या दारात येतात तेव्हाच उशिरा असतात. शिवाय मालगाड्या, शिवाय ट्रक वाहून नेणारी रो-रो. आणि पाऊस. पावसाळी वेळापत्रकात वेग ताशी ७५ वर आणतात, मुसळधार असेल तर ४० वर. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून अपघात झाला, त्यानंतर कड्यांना जाळ्या, गस्त, वेगाची मर्यादा हे सगळं कडक झालं. तुमच्याच तालुक्यातली गोष्ट.

झुरिकचा_चाकरमानी

ती रात्र विसरलेलो नाही. आमच्या गावचे लोक कंदील घेऊन रुळाकडे धावले होते. पावसाळ्यात गाडी हळू चालते याबद्दल माझी कधीच तक्रार नसेल. ट्रॅकमन भर पावसात रात्री टॉर्च घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभा दिसतो तेव्हा मी खिडकीतून हात जोडतो.

मी म्हणतोय ते एवढंच की पावसाळी वेळापत्रक हे खरं वेळापत्रक असावं. गाडी हळू चालणार हे आधीच मान्य केलंय, तर त्या हळू वेळेलाच ती पोचावी.

बालाघाट

मी बीडचा, तुमच्या धाग्यात उगाच शिरतोय. १९९५ साली मंजूर झालेला अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग. बीडला पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं. त्या दिवशी स्टेशनवर मी रडलो, लाज न बाळगता. माझे वडील रेल्वेची वाट बघत गेले.

तुम्ही पाण्याची टाकी, फलाटाची उंची बोलताय आणि मला हेवा वाटतोय. पण त्यातून एक शिकलो. आमच्याकडे गाडी आली म्हणून सगळे गप्प बसलेत. ती किती वाजता जाते आणि कुणाच्या कामाची आहे, हे कुणी विचारत नाही. सकाळी निघून कोर्टाचं, दवाखान्याचं काम उरकून रात्री घरी परतता आलं तर ती गाडी आमची. तेव्हा माझी मागणी: वेळ प्रवाशाच्या कामाची असावी.

रातांबा

@बालाघाट, उगाच नाही शिरलात. आमच्याकडेही हेच. रत्नागिरीला जिल्हा न्यायालय, जिल्हा रुग्णालय, सगळी सरकारी कामं. खेड-संगमेश्वरच्या माणसाने सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं अशी गाडी हवीच.

फणसाचा_गरा

मागणी कशी लिहावी यावरून आठवलं. १९०९ साली बंगालमधल्या ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला पत्र लिहिलं. फणस जास्त खाल्ला, पोट बिघडलं, अहमदपूर स्टेशनात उतरून बसले आणि तेवढ्यात गार्डाने शिट्टी मारली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर, असे धावताना ते फलाटावर सगळ्यांसमोर पडले. हे सगळं त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत जसंच्या तसं लिहिलं. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलंय. गाडीत शौचालयं येण्यामागे ते पत्र होतं असं सांगतात.

रातांबा, तुमच्या निवेदनात 'प्रवाशांची प्रचंड गैरसोय होत असून' असली वाक्यं घालू नका. तुमच्या आईचं ते एक वाक्य घाला. आणि फणसाला बदनाम करू नका, चूक त्याची नव्हती.

सड्यावरचा

कापा होता की बरका, त्यावर अवलंबून.

फणसाचा_गरा

बरकाच. कापा असा दगा देत नाही.

निवृत्त_शिक्षक

रातांबा, मला तिकिटाबद्दल बोलायचं आहे. मार्च २०२० पर्यंत साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. कोविडमध्ये ती थांबली. याउलट आपल्या एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला, मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट. आमच्या घरी काय झालं बघा. मी आणि सौभाग्यवती दोघांनी गावाला जायचं तर ती म्हणते, मी एसटीने जाते, तुम्ही गाडीने या. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही कधी वेगळे गेलो नव्हतो.

कोविडनंतर पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपयांवरून ३० वर गेलं होतं, ते २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा १० झालं. लोकांनी बोलणं सोडलं नाही म्हणूनच ना? कोकण रेल्वेवर तर भाड्यासाठी अंतरही वाढवून धरतात, १०० किलोमीटरचे १४०. बांधणीचं कर्ज फेडायचं होतं तोवर ते समजण्यासारखं होतं. मार्ग पूर्ण सुरू होऊन २६ जानेवारी १९९८ पासून किती वर्षं लोटली!

पाचव्या_डब्यातली

गुरुजी, काकूंना एकदा लोकलपर्यंत सोडा आणि अर्धं भाडं तुम्ही भरा. एकत्र जा हो.

निवृत्त_शिक्षक

तसंच केलं मागच्या महिन्यात. तिने पनवेलपर्यंत हिशेब ठेवला आणि पेणला मला पापड घेऊन दिले.

एक_मिनिट_थांबा

माझी मागणी: खरं सांगा. बस, एवढंच.

गेल्या डिसेंबरात एका स्टेशनात दीड तास गाडी उभी. कुठलं ते महत्त्वाचं नाही. मोबाइलवर गाडी वेळेत दिसत होती. फलाटावर घोषणा नाही. एक गृहस्थ वडिलांच्या अंत्ययात्रेला निघाले होते. घरून फोन येत होते, थांबू का, किती वेळ थांबू. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. कुणी एकदा जरी सांगितलं असतं की अजून एक तास लागेल, तर ते तिथेच उतरून रिक्षा, जीप काहीतरी बघते. घाटाखालचं हमरस्त्याजवळचं स्टेशन होतं, मिळालंही असतं. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मला त्यांनी नंतर फोन करून सांगितलं.

उशीर होऊ द्या. लूपलाईन यांनी समजावलंय, कळतं. पण किती आणि का हे डब्यातल्या माणसाला कळलं पाहिजे. मास्तरांना माहीत असतं ते आम्हाला का कळू नये?

लूपलाईन

हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. वडील निवृत्त होण्याआधी हातात भोंगा घेऊन गाडीच्या कडेने चालत सांगायचे, क्रॉसिंग आहे, अजून पंचवीस मिनिटं, चहा घ्या. त्याला काही खर्च नव्हता. पण सगळ्या हॉल्टांवर माणूस नसतो. काही ठिकाणी तिकीट विकणारा कमिशनवरचा एजंट असतो, त्याला कंट्रोलकडून काही कळत नाही. ती सोय करावी लागेल.

सरळ_बोलतो

मी माझी मागणी बदलतोय. वेगाऐवजी @एक_मिनिट_थांबा यांची मागणी माझी धरा.

पण थांब्यांबद्दल एक राहिलं. मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. मग पॅसेंजरऐवजी मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवरची गाडी, का नको? ती लवकर वेग घेते, म्हणजे थांबे ठेवूनही वेळ वाचेल. गणपतीत दिवा-चिपळूण मेमू सोडतात, ती चालतेच ना.

पाचव्या_डब्यातली

चिपळूणपर्यंत ठीक. सावंतवाडीपर्यंत अकरा-बारा तास त्या बाकावर लहान मूल घेऊन बसून दाखवा. आणि सामान? कोकणात जाणारा माणूस पिशवी घेऊन जात नाही, बिऱ्हाड घेऊन जातो.

सरळ_बोलतो

मग दोन प्रकार ठेवा. दिवा-चिपळूण आणि चिपळूण-रत्नागिरी मेमू, सकाळ-संध्याकाळ. त्यात बालाघाट यांची कोर्टाची गाडीही बसते. सावंतवाडीची पॅसेंजर आहे तशीच.

रातांबा

हे पटलं.

सोलगावकर

कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव अजून लांब आहे. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. राजापूर रोडला उतरलेल्याला राजापूर शहर गाठायला घाटातून आणखी रस्ता आहे. गाडी रात्री नऊची साडेदहाला आली की एसटी निघून गेलेली. मग रिक्षावाला म्हणेल ते. त्यालाही दोष देत नाही, तोही दीड तास गाडीची वाट बघत बसलेला असतो.

एसटीने गाडीची वाट बघावी, ही माझी मागणी. गाडी उशिरा आहे हे डेपोला कळवलं की झालं. झुरिकवाले ज्याला जोडगाडी म्हणतात ती हीच.

दिवेकर_कायमचा

दिव्यातच राहतो, म्हणून रातांबा यांना दोन शब्द. गाडी दादरला न्या, आमची आडकाठी नाही. पण दिव्याचा थांबा ठेवा. दिवा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, आता अर्धं कोकण इथे राहतं. लालबाग-परळच्या चाळी गेल्या तशी माणसं इकडे सरकली. १९९८ मध्ये दादर हे कोकणी माणसाचं दार होतं. आज ते दार कुठे आहे याचा एकदा विचार करा.

शिवाय ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, पण कुर्ल्यापासून पुढे दक्षिणेकडे लांब गाड्यांना वेगळी वाट अजून नाही. दादरला जागा मिळवणं सोपं नाही. ठाण्याहून किंवा कुर्ला टर्मिनसहून मागितलीत तर मिळण्याची शक्यता जास्त.

रातांबा

खरं सांगू, हे वाचून आधी राग आला. मग आईला विचारलं. ती म्हणाली, ठाणं चालेल, पूल कमी असला पाहिजे. आमच्या घरातला निकाल लागला.

आतापर्यंतचं धरून मसुद्यात असं घेतोय. फलाटाची उंची आणि डब्यातलं पाणी एकत्र, कारण दोन्ही म्हातारी माणसं आणि बायका यांच्याशी जोडलेलं आहे. मग उशिराची खरी माहिती, स्टेशनवर आणि एसटी डेपोला. आणि गाडी ठाणे किंवा दादरहून, दिव्याचा थांबा कायम ठेवून. भाडेसवलत आणि मेमूसाठी वेगळं पत्र लिहू. गुरुजी, रागावू नका, तुमचा विषय दिल्लीचा आहे.

निवृत्त_शिक्षक

रागावलो नाही. दिल्लीचं पत्र मी लिहितो.

लूपलाईन

मसुदा पक्का करण्याआधी एक महत्त्वाचं. हे पान तुम्ही देणार कुणाला? दिवा ते रोहा मध्य रेल्वे. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे महामंडळ. गाडी कुठून सुटावी हे मध्य रेल्वेकडे, फलाट आणि घोषणा रोह्याच्या पुढे महामंडळाकडे. एसटी तिसरीकडे. एकच पान तिघांना दिलंत तर प्रत्येक जण आपल्याला लागू नसलेल्या ओळीवर बोट ठेवेल. मला वाटतं मागच्या तेवीस मागण्यांचं हेच झालं. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली आहे, पण ते होईपर्यंत कागद दोन दारांनी जायला हवेत.

आणि फलाटाचं लिहिताना नुसतं 'उंच करा' लिहू नका. रेल्वेत फलाट तीन प्रकारचे: रुळाच्या पातळीचा, ४५५ मिलीमीटरचा मध्यम आणि ७६० ते ८४० मिलीमीटरचा उंच. कुठल्या स्टेशनात आज कुठला आहे आणि डब्याच्या खालच्या पायरीपासून किती अंतर पडतं, हे मोजून तक्ता जोडा. मोजलेल्या आकड्याला 'पाहून कळवतो' असं उत्तर देता येत नाही.

सरळ_बोलतो

मोजायला मी येतो. रविवारी कळंबणी ते चिपळूण माझ्याकडे. खेड, अंजनी, सगळं. रीतसर तिकीट काढून, स्टेशन मास्तरांना सांगून, फलाटावरूनच मोजायचं. रुळावर कुणी उतरू नका.

सोलगावकर

आडवली, वेरवली, विलवडे, राजापूर रोड मी घेतो. मुलाला सोबत नेतो, तो फोटो काढेल.

पाचव्या_डब्यातली

मी दोन्ही खेपांना कुठल्या स्टेशनपर्यंत पाणी पुरतं ते लिहून ठेवते. डबा क्रमांकासकट.

मालवणची_आये

झाराप नि मडुरा कोन घेता? नातू म्हणता तो जाता, पन तेका टेप व्हयी. मीटरची होयी की फुटाची?

लूपलाईन

मीटरची, आये. आणि त्याला सांगा, गाडी पूर्ण थांबल्यावरच पायरीचं माप घ्यायचं.